छोटा कॅमेरा हाताच्या सवयीचा करताना

रिको जीआर ३ बॅटरी आणि कार्ड धरून २५७ ग्रॅम भरतो. २०१२ साली आलेला पहिला सोनी आरएक्स१०० त्याहूनही हलका, २४० ग्रॅमचा. फुजीफिल्म एक्स१००व्ही ४७८ ग्रॅमचा आहे. तो शर्टाच्या खिशात मावत नाही, पण दिवसभर खांद्याला लावून हिंडलं तरी मानेला त्याची जाणीव होत नाही. चांगल्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचं अर्धं सुख या वजनात आहे, कारण असा कॅमेरा घरी राहत नाही, सोबत येतो. उरलेलं अर्धं सुख मात्र आपोआप मिळत नाही. खिशातून काढल्यापासून दोन-तीन सेकंदांत फोटो निघायला हवा असेल, तर फोकसचं अंतर, अपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक) आणि शटर (प्रकाश किती वेळ आत येईल ते ठरवणारा पडदा) यांचा निकाल आधीच लावून ठेवावा लागतो. समोर प्रसंग घडत असताना मेनू उघडून बसलं की तो प्रसंग गेलाच समजा.

आधी सेन्सर ओळखून घ्या

कॉम्पॅक्ट हा शब्द फार सैल वापरला जातो. जुन्या स्वस्त पॉइंट-अँड-शूट कॅमेऱ्यांतला सेन्सर (प्रकाश टिपून चित्र बनवणारी चिप) साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे २८ चौरस मिलिमीटरचा असायचा. आरएक्स१०० किंवा कॅनन जी७ एक्स यांच्यातला ‘एक इंची’ सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा आहे. त्याची कुठलीच बाजू एक इंच नाही. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या नळ्या त्यांच्या बाहेरच्या व्यासावरून ओळखल्या जात, तीच मोजण्याची रीत पुढे चालत आली. क्षेत्रफळ मात्र ११६ चौरस मिलिमीटर, म्हणजे त्या छोट्या सेन्सरच्या चौपट. जीआर आणि एक्स१०० मालिकेत एपीएस-सी सेन्सर असतो, २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा. सोनी आरएक्स१ (२०१२) आणि लायका क्यू (२०१५) यांत थेट ३६ बाय २४ मिलिमीटरचा फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर बसवलेला आहे.

या आकड्यांचा रोजच्या वापरात दोन ठिकाणी संबंध येतो. पहिला बॅकग्राउंड ब्लरशी. एफ/ पुढचा आकडा जितका लहान, तितकं अपर्चर मोठं. एक इंची सेन्सरवरचं एफ/१.८ हे फोकसच्या खोलीच्या (किती अंतराचा पट्टा शार्प दिसतो, त्याच्या) हिशोबाने फुल फ्रेमवरच्या एफ/४.९ इतकं असतं. त्यामुळे अशा कॅमेऱ्यातून पाच मीटरवरच्या माणसामागचा बाजार विरघळेल अशी अपेक्षा ठेवू नका. माणूस जवळ आणि मागची गर्दी लांब असेल, तेव्हाच ती मऊ होते. दुसरा संबंध अपर्चर बारीक करण्याशी. एक इंची सेन्सरवर एफ/२.८ ते एफ/५.६ हा सर्वांत कुरकुरीत पट्टा आहे. एफ/८ च्या पुढे गेलात की प्रकाश बारीक भोकाच्या कडांवर वाकायला लागतो आणि सगळा फोटो थोडा साबणासारखा दिसतो. एपीएस-सीवर हाच पट्टा एफ/४ ते एफ/८ असा येतो. ‘सगळं शार्प हवं म्हणून एफ/१६’ ही मोठ्या कॅमेऱ्यांच्या पुस्तकातून आलेली सवय इथे नुकसानच करते.

एकाच लेन्सशी मैत्री

झूम असलेला कॉम्पॅक्ट सोयीचा असतो यात शंका नाही. पण हात लवकर बसतो तो एकाच फोकल लांबीच्या, म्हणजे झूम नसलेल्या कॅमेऱ्यावर. फोकल लांबी हा मिलिमीटरमधला आकडा; तो जितका लहान, तितकी लेन्स रुंद बघते. कारण साधं आहे: चौकट कायम तेवढीच राहते, म्हणून कॅमेरा वर करण्याआधीच काय मावेल ते कळायला लागतं. झूमवाला कॅमेरा असेल तरी पहिला महिना तो एकाच जागी, शक्यतो २८ किंवा ३५ वर ठेवा. काही मॉडेल्समध्ये चालू होताना झूम कुठे थांबावा हे ठरवता येतं, किंवा ते कस्टम मोडमध्ये साठवता येतं. ती सोय वापरा.

चौकट मनात बसवायला काही आकडे पाठ असलेले बरे. हे सगळे फुल फ्रेमच्या तुलनेतल्या फोकल लांबीचे आणि २ मीटर अंतरावरचे आहेत. २८ वर आडव्या फ्रेममध्ये सुमारे २.६ मीटर रुंद आणि १.७ मीटर उंच जागा मावते, म्हणजे उभा माणूस आडव्या फ्रेममध्ये डोक्यापासून पायापर्यंत जेमतेम बसतो. ३५ वर २.०६ बाय १.३७ मीटर, म्हणजे तोच माणूस गुडघ्यांच्या आसपास कापला जातो. संपूर्ण हवा असेल तर कॅमेरा उभा धरायचा. ४० वर, म्हणजे जीआर ३एक्सवर, १.८ बाय १.२ मीटर. अंतर दुप्पट केलं की हे सगळे आकडे दुप्पट होतात.

सराव असा करा. कॅमेरा खालीच ठेवून समोर बघा, फ्रेमचे चारही कोपरे कुठे पडतील ते मनात ठरवा, मग कॅमेरा वर करून तपासा. रोज दहा वेळा केलं तर दोन आठवड्यांत अंदाज आश्चर्य वाटण्याइतका जमतो. चुकतं बहुतेकांचं एकाच बाजूने: २८ मध्ये वाटतं त्यापेक्षा खूप जास्त मावतं, आणि फोटोत विषय मुंगीएवढा उरतो. उपाय एकच, दोन पावलं पुढे. मात्र चेहऱ्याचा जवळून फोटो काढताना उलटं होतं. २८ मध्ये फक्त चेहरा-खांदे भरायचे तर जवळपास अर्ध्या मीटरवर जावं लागतं, आणि त्या अंतरावरून नाक मोठं, कान छोटे दिसतात. त्यापेक्षा सव्वा-दीड मीटरवर थांबा, माणसासोबत त्याची जागाही फ्रेममध्ये येऊ द्या. या लेन्सचा स्वभावच तो आहे.

कॅमेऱ्यातला क्रॉप मोड (फ्रेमचा मधलाच भाग कापून घेणारा) वापरायला हरकत नाही, फक्त काय गमावतो ते ठाऊक असू द्या. जीआर ३ च्या २४ मेगापिक्सेलमधून ३५ चा क्रॉप घेतला की १५ उरतात, ५० चा घेतला की जेमतेम ७. एक्स१००व्हीआयच्या ४० मेगापिक्सेलमधून ५० च्या क्रॉपला २० उरतात. ए४ आकाराच्या ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) प्रिंटला साधारण ८.७ मेगापिक्सेल लागतात, एवढं मोजमाप लक्षात ठेवलं की पुरे.

एकदाच बसून करायची मांडणी

तासभर वेळ काढा, बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि पुढच्या गोष्टी एका बैठकीत उरका.

मोड अपर्चर प्रायॉरिटी ठेवा (अपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो). ऑटो आयएसओ चालू करून (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता मग कॅमेराच ठरवतो) त्यात शटरची किमान मर्यादा १/१२५ सेकंद द्या, रस्त्यावरच्या हालचालीसाठी १/२५०. ही मर्यादा दिली नाही तर बरेच कॅमेरे फोकल लांबी बघून १/३० पर्यंत उतरतात. स्थिर घरासाठी ते पुरतं, चालणाऱ्या माणसासाठी नाही. घरातले ‘हललेले’ फोटो बहुतेक इथूनच येतात आणि दोष मात्र हाताला दिला जातो. आयएसओची कमाल मर्यादा एपीएस-सीला ६४००, एक इंचीला ३२०० ठेवून सुरुवात करा. दाणेदार पण स्पष्ट फोटो चालून जातो. हललेला चेहरा कशानेही दुरुस्त होत नाही.

फोटो काढल्याबरोबर तो स्क्रीनवर दाखवणारी सोय बंद करा. हा बदल किरकोळ वाटतो, पण सर्वांत जास्त फरक यानेच पडतो. स्क्रीनवर गेलेला क्षण दिसत असतो तेव्हा चालू क्षणाकडे पाठ झालेली असते. बीपचा आवाज आणि अंधारात फोकससाठी लागणारा दिवाही बंद. या कॅमेऱ्यांमध्ये बहुधा लेन्सच्या आतच बसवलेला, पाकळ्यांचा लीफ शटर असतो आणि त्याचा आवाज पान गळावं इतका हलका येतो. त्यावर बीप लावणं म्हणजे मिळालेली शांतता फुकट घालवणं.

फाइल रॉ (सेन्सरने टिपलेला कच्चा डेटा) आणि जेपेग (तयार फोटो) दोन्ही ठेवा. कॅमेऱ्यातले रंग, मग ते फुजीचं क्लासिक क्रोम असो किंवा रिकोचं पॉझिटिव्ह फिल्म, मनापासून वापरण्यासारखे आहेत. रॉ सोबत असली की बिघडलेल्या व्हाइट बॅलन्सची (रंगांच्या समतोलाची) भीती राहत नाही.

आता बटणं. उजव्या अंगठ्याखाली काय येतं ते बघा आणि तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) असेल असं करा. दुसऱ्या जवळच्या बटणावर फोकसची पद्धत बदलणं, तिसऱ्यावर एनडी फिल्टर (त्याबद्दल पुढे). एवढंच. सहा-सात बटणांना सहा-सात कामं वाटून दिली तर एकही लक्षात राहत नाही. जीआरवर यू१, यू२, यू३ अशा तीन जागा डायलवर आहेत. त्यातली एक दिवसाच्या रस्त्यासाठी (एफ/८, ठरलेलं अंतर, १/५००), एक घरातल्या उजेडासाठी (एफ/२.८, ऑटोफोकस, १/१२५) आणि तिसरी कृष्णधवल फोटोंसाठी किंवा जे तुम्हाला खरंच लागतं त्यासाठी ठेवा. अशी मांडणी केलेला कॅमेरा दुसऱ्याच्या हाती दिला तर त्याला विचित्र वाटेल, आणि तसंच व्हायला हवं.

फोकस आधीच करून ठेवण्याची कला

या सगळ्या लेखात एकच गोष्ट शिकायची झाली तर ही शिका. ऑटोफोकस कितीही वेगवान असला तरी तो कशावर बसवायचा हा निर्णय वेळ खातो, आणि कधी कधी तो मागच्या भिंतीवर बसतो. छोटा सेन्सर आणि रुंद लेन्स यांच्या जोडीला निसर्गतःच फोकसची खोली जास्त मिळते. ती खोली हिशोबाने वापरली तर फोकसचा प्रश्नच उरत नाही.

जीआर ३ ची खरी फोकल लांबी १८.३ मिलिमीटर आहे (फुल फ्रेमच्या तुलनेत २८). एफ/८ ला अंतर २.५ मीटरवर लावलं की साधारण १.२ मीटरपासून थेट अनंतापर्यंत सगळं पुरेसं शार्प येतं. २ मीटरवर लावलं तर सुमारे १ मीटरपासून २० मीटरच्या थोडं पुढेपर्यंत. गर्दीत लोक जवळ असतात, तिथे हेच जास्त कामाचं. एफ/५.६ ला २ मीटरवर ही खोली १.२ ते ५.५ मीटर अशी आक्रसते, आणि एफ/२.८ ला फक्त १.५ ते २.९ मीटर उरते. म्हणजे संध्याकाळी अपर्चर उघडलं की ‘ठरलेलं अंतर’ ही चैन संपली, ऑटोफोकसकडे वळा.

एक्स१०० ची लेन्स २३ मिलिमीटरची (फुल फ्रेमच्या तुलनेत ३५), तिथे हिशोब थोडा काटकसरीचा आहे: एफ/८, ३ मीटर, आणि मिळतात १.६ ते २० मीटर. जीआर ३एक्सच्या २६.१ मिलिमीटरला एफ/८ आणि २.५ मीटरवर १.६ ते ५.६ मीटर एवढंच. एक इंची कॅमेऱ्याच्या रुंद टोकाला मात्र चंगळ आहे. १०.४ मिलिमीटर लेन्स, एफ/४, २.५ मीटर, आणि सव्वा मीटरपासून अनंतापर्यंत मोकळं रान. तिथे एफ/८ पर्यंत जाण्याची गरजच पडत नाही.

हे आकडे नेहमीच्या आकाराच्या प्रिंटला धरून आहेत. स्क्रीनवर शंभर टक्के मोठं करून पाहिलंत तर कडेची अंतरं थोडी मऊच दिसतील. म्हणून मुख्य विषय ठरलेल्या अंतराच्या जवळ ठेवण्याचा प्रयत्न करायचा, बाकीची खोली ही चुकीला मिळालेली सवलत समजायची. फुजीत अंतराची पट्टी दोन हिशोबांनी दाखवता येते, पिक्सेलच्या आणि फिल्मच्या. पिक्सेलवाला हिशोब फार कडक आहे, त्याने खोली खूप कमी दिसते आणि माणूस विनाकारण घाबरतो. फिल्मचा निवडा.

कॅमेऱ्यावर हे कसं लावायचं? जीआरमध्ये स्नॅप नावाचा फोकस मोडच आहे. अंतर निवडा आणि झालं. शिवाय ‘फुल प्रेस स्नॅप’ चालू ठेवलं की बटण अर्धं दाबून थांबलं तर ऑटोफोकस होतो आणि एका दमात पूर्ण दाबलं तर ठरलेल्या अंतरावर फोटो निघतो. दोन्ही मार्ग एकाच बोटाखाली, ही सोय इतर कॅमेऱ्यांनी उचलायला हवी होती. एक्स१०० वर बाजूची कळ मॅन्युअलवर सरकवा, हव्या त्या अंतरावरच्या वस्तूकडे रोखून मागचं फोकसचं बटण दाबा, एकदा फोकस बसला की रिंगला हात लावू नका. बाकीच्या कॅमेऱ्यांत २.५ मीटरवरच्या वस्तूवर ऑटोफोकस करून मग मॅन्युअलवर बदला. कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केल्यावर अंतर तसंच राहतं का ते तपासा. काहींमध्ये ते पुसलं जातं आणि दिवसभराचे फोटो मऊ का आले हे घरी येईपर्यंत कळत नाही.

अंतराचा अंदाज डोळ्याला शिकवावा लागतो. मोजपट्टी घेऊन जमिनीवर १, १.५, २.५ आणि ५ मीटरवर खुणा करा. प्रत्येक खुणेवर कुणाला तरी उभं करा आणि तो माणूस फ्रेममध्ये किती मोठा दिसतो ते लक्षात ठेवा. आपल्या चालीचं एक पाऊल किती सेंटिमीटरचं पडतं तेही मोजा. बहुतेकांचं ७० ते ७५ भरतं, म्हणजे तीन पावलं झाली की २.१ ते २.२ मीटर. एकदा हे अंगात मुरलं की समोरच्याकडे बघत, कॅमेरा छातीशी धरूनसुद्धा फोटो नीट येतात.

उजेडाचा हिशोब

स्वच्छ उन्हाचा जुना नियम अजूनही तितकाच खरा आहे: एफ/१६ ला शटर आयएसओच्या आकड्याएवढं. त्यावरून आयएसओ ४०० आणि एफ/८ ला उन्हात १/१६०० मिळतं, ढगाळ हवेत १/४००, मोकळ्या सावलीत १/२०० च्या आसपास. म्हणजे एफ/८ आणि किमान १/५०० ठरवून बाहेर पडलात तर उन्हात आयएसओ ४०० पेक्षाही खाली राहतो आणि सावलीत १००० पर्यंत चढतो. दोन्ही एपीएस-सी सेन्सरला सहज झेपतं. म्हणूनच दिवसा ही मांडणी एकदा लावली की विसरून जाता येते.

अंगठ्याखालच्या एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनला मात्र विश्रांती नाही. डिजिटल सेन्सरमध्ये काळोखात बरंच काही दडलेलं असतं, पांढरं फटक झालेल्या भागात काहीच नसतं. कडक उन्हात उणे ०.३ ते उणे ०.७ वर ठेवा. फ्रेमचा बराचसा भाग गडद असेल आणि चेहऱ्यावर उन्हाची तिरीप पडली असेल तर उणे १.३ पर्यंतही जावं लागतं, कारण कॅमेरा गडद भाग बघून एक्स्पोजर वाढवतो आणि चेहरा उडतो. माणूस खिडकीसमोर पाठमोऱ्या उजेडात असेल तर उलट, अधिक १. पांढऱ्या भिंतीसमोरही अधिक, नाहीतर भिंत राखाडी येते. उन्हात स्क्रीनवरचा फोटो बघून उजेडाचा निर्णय घेऊ नका, डोळा फसतो. हिस्टोग्रामचा (उजेडाच्या वाटणीच्या आलेखाचा) उजवा काठ बघा. पार चिकटला असेल तर एक्स्पोजर खाली आणा.

लीफ शटरची एक मर्यादाही आहे. पाकळ्यांना उघडून मिटायला वेळ लागतो, त्यामुळे अपर्चर पूर्ण उघडं असताना खूप वेगवान शटर मिळत नाही. सुरुवातीच्या एक्स१०० वर एफ/२ ला १/१००० च्या पुढे जाता येत नव्हतं. भर उन्हात आयएसओ १६० आणि एफ/२ ला मात्र १/१०,००० च्या आसपास शटर लागतं. यासाठीच कॅमेऱ्यात एनडी फिल्टर असतो, प्रकाश कमी करणारी राखाडी काच. एक्स१००एफपर्यंत तो ३ स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) होता, एक्स१००व्हीपासून ४ स्टॉपचा. चार स्टॉपने तेच १/१०,००० खाली येऊन १/६४० होतं. जीआर ३ मध्ये तो २ स्टॉपचा आहे. नेहमीची फजिती अशी की दुपारी लावलेला एनडी रात्री तसाच राहतो आणि आयएसओ एवढा का चढला ते कळत नाही. तो बटणावर ठेवायचा तो याचसाठी.

इलेक्ट्रॉनिक शटर हा दुसरा मार्ग दिसतो खरा, पण त्यात सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. धावत्या गाडीची चाकं तिरकी होतात आणि एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे उमटतात. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, म्हणून तिथे १/५० किंवा १/१०० वापरा. ६० हर्ट्झ असेल तर १/६० किंवा १/१२०. कारखान्यातून आलेल्या ‘ऑटो’ शटरवर कॅमेरा स्वतःच इलेक्ट्रॉनिककडे जात असेल तर ते बंद करून मेकॅनिकलवर ठेवलेलं चांगलं.

छोटा फ्लॅश, मोठा उपयोग

फ्लॅश फक्त अंधारासाठी असतो हा समज सोडा. लीफ शटरमुळे हा इवलासा फ्लॅश भर उन्हातही १/५०० किंवा १/१००० ला जुळतो, जिथे मोठे कॅमेरे साधारणपणे १/२०० ते १/२५० ला अडतात. उन्हाकडे पाठ करून माणसाला उभं करा, फ्लॅश कॉम्पेन्सेशन उणे १ ते उणे १.७ ठेवा, अंतर दोन मीटरच्या आत. चेहऱ्यावरची सावली हलकी होते आणि डोळ्यांत बारीक चमक येते. त्यापुढे गेलात तर उन्हासमोर एवढ्या फ्लॅशचा निभाव लागत नाही. आरएक्स१०० चा वर येणारा फ्लॅश बोटाने मागे झुकवून छताकडे रोखता येतो. पांढरं, कमी उंचीचं छत असेल तर उजेड मऊ पडतो. जीआर ३ मध्ये फ्लॅश नाही, जीआर २ मध्ये होता.

हातात धरणं

हलक्या कॅमेऱ्याचा तोटा असा की तो बटण दाबताना सहज झुकतो. उजव्या हाताच्या तर्जनीने बटण ठोकू नका, बोट आधीपासून बटणावर टेकलेलं ठेवून हळू दाब वाढवा. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी लेन्सखाली, कोपरं बरगड्यांना टेकलेली. स्क्रीनवर बघून फोटो काढताना गळ्यातला पट्टा ताणून धरा. पुढे ओढणारे हात आणि मागे ओढणारी मान यांच्यात कॅमेरा स्थिर होतो. एवढ्याने २८ ला १/३० सहज मिळतं. सेन्सर स्थिर ठेवणारी यंत्रणा असेल तर १/८ लाही निश्चल विषय शार्प येतो. माणूस हलला तर ही यंत्रणा काही करू शकत नाही.

एक्स१०० च्या ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमध्ये फ्रेमच्या बाहेरचंही दिसतं, त्यामुळे कोण फ्रेममध्ये शिरणार आहे ते आधी कळतं. हे सुख कुठल्याच स्क्रीनवर नाही. पण तो लेन्सच्या बाजूला बसवलेला असतो, म्हणून जवळच्या वस्तूवर नेम चुकतो आणि फोकस मागे जातो. एक मीटरच्या आत आलात की इलेक्ट्रॉनिकवर बदला, आणि मेनूतली दुरुस्त फोकस चौकट दाखवणारी सोय चालू ठेवा.

खिसा, धूळ, बॅटरी

लेन्स आत-बाहेर होताना हवाही आत-बाहेर होते, आणि तिच्यासोबत खिशातले कापसाचे तंतू. जीआर ३ मध्ये सेन्सर थरथरवून धूळ झटकायची सोय आहे, पण लेन्स काढता येत नसल्यामुळे आत गेलेला कण फुंकणीने काढता येत नाही. तो सर्व्हिस सेंटरचं काम आहे. म्हणून खिशात सुटा कॅमेरा न ठेवता पातळ, धागे न सुटणाऱ्या पिशवीत ठेवा, आणि त्या खिशात किल्ल्या, सुट्टी नाणी काही नको. महिन्यातून एकदा तपासणी करा: एफ/१६, फोकस मुद्दाम बिघडवलेला, कोऱ्या भिंतीचा किंवा निरभ्र आकाशाचा फोटो, काढताना कॅमेरा थोडा हलवत. दोन-तीन फोटोंत एकाच जागी तोच राखाडी ठिपका दिसला तर धूळ सेन्सरवर आहे. एफ/४ ला तो दिसणारही नाही, त्यामुळे एखाद्या ठिपक्याने घाबरून जायचं कारण नाही.

पिशवीत असताना चालू होण्याचं बटण दाबलं गेलं तर लेन्स कापडाला धडकून अडकते. अडकलेली लेन्स हाताने ओढू किंवा ढकलू नका, आतले प्लॅस्टिकचे दाते तुटतात. बॅटरी काढून पुन्हा घाला आणि लेन्सचं तोंड खाली धरून चालू करा. वाळूचा कण असेल तर कधी कधी तेवढ्याने निघतो. वाळूत आणि वाऱ्यात लेन्स बाहेर काढूच नये हे अर्थातच बरं. एक्स१००व्हीला पावसाचे शिंतोडे चालतात ते अडॅप्टर रिंग आणि ४९ मिलिमीटरचा फिल्टर लावल्यावरच, नुसत्या कॅमेऱ्याला नाही. गार खोलीतून दमट हवेत येताना कॅमेरा बंद प्लॅस्टिक पिशवीत ठेवून वीस-तीस मिनिटं थांबा, म्हणजे वाफ पिशवीवर धरेल, काचेवर नाही.

बॅटरी हा या कॅमेऱ्यांचा कच्चा दुवा. जीआर ३ ला अधिकृत मोजणीने एका चार्जवर २०० फोटो मिळतात, एक्स१००व्हीला ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरवर ४२०, इलेक्ट्रॉनिकवर ३५०. दोन जादा बॅटऱ्या घ्या, त्यांवर १, २, ३ असे आकडे लिहा आणि संपलेली बॅटरी उलटी करून पिशवीत टाका, म्हणजे अंधारातही हाताला कळतं. कॅमेरा आपोआप झोपायची वेळ एक मिनिट ठेवा. जागा करायला बटणावर हलका अर्धा दाब पुरतो, आणि तो दाब कॅमेरा खिशातून बाहेर येत असतानाच द्यायचा, डोळ्यापाशी पोचल्यावर नाही.